चिमणीच्या आईस

खिडकीवरची बाई : थांबा, आधी वाचून दाखवते. आमच्या पेपरात वाचून दाखवल्याशिवाय जाहिरात घेत नाहीत. 'चिमणीच्या आईस. तू गेल्यापासून चिमणी अंथरुणाला खिळली आहे. ताप उतरत नाही. सारखा तुझाच धोशा चालू आहे. झालं गेलं विसरून ये. कोणी काही बोलणार नाही.' बरोबर?

नवरा : बरोबर. उद्याच्या अंकात आली पाहिजे.

बाई : येईल. फोटो देताय का त्यांचा? फोटो पाहून कुणीतरी ओळखतं. 'हरवल्या आहेत' या सदरात टाकू. फक्त पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागेल.

नवरा : फोटो नको, तक्रार नको. तिलाच उद्देशून लिहिलं तर कसलाच कागद लागत नाही, असं तुमच्याच माणसानं फोनवर सांगितलंय.

बाई : लागत नाही. ते पत्रच धरतो आम्ही. किती दिवस झाले?

नवरा : सतरा.

बाई : आणि सतरा दिवसांत तक्रार नाही?

नवरा : घरची अब्रू वेशीवर कशाला टांगायची?

बाई : म्हणून पेपरात टांगताय?

नवरा : बाई, तुम्ही जाहिराती घ्यायला बसलाय की उलटतपासणी?

बाई : चुकलंच. केवढी आहे चिमणी?

नवरा : अडीच वर्षांची.

बाई : माझा सव्वा वर्षाचा. सकाळी अंग जरा कोमट लागलं तर तीनदा थर्मामीटर लावला. पाळणाघरातली ताई माझे फोन उचलून उचलून वैतागलीय. सतरा दिवस ताप म्हणजे… रक्त तपासलं असेल ना?

नवरा : तपासलं.

बाई : काय निघालं?

नवरा : आई, काय निघालं गं?

सासू : मला कशाला विचारतोस?

नवरा : सांग की!

सासू : अशक्तपणा… अशक्तपणा निघाला.

बाई : आत्ता कुणाजवळ आहे ती, आजी?

सासू : शेजारी. त्यांच्या पोरांबरोबर खेळ—

नवरा : पडून आहे.

सासू : हो. पडून आहे.

बाई : आणि तुमच्या हाताला प्लास्टर कशाचं?

सासू : दारात सापडला.

नवरा : जिन्यावरून पडली.

सासू : जिन्यावरून पडले. जिन्यातल्या दारात.

बाई : बरं. यातलं तापाचं वाक्य काढू या का? 'चिमणी वाट बघतेय' एवढं पुरे होईल.

नवरा : वाट बघतेय म्हटलं तर ती येणार नाही. सहा वर्षं ओळखतो तिला. ताप राहू दे.

बाई : ताप वाचून कुठलीही आई धावत येईल.

नवरा : तेच म्हणतोय मी. सही कुठे करू?

बाई : इथे. आणि इथे.

नवरा : आई, बस तू. गाडी दाराशी आणतो.

(नवरा बाहेर जातो.)

सासू : बाई, अजून एक जाहिरात घ्या. त्याच्याच शेजारी छापा. मलाही कागद लागणार नाही ना?

बाई : नाही. आजी, खरं सांगा, ताप आहे का तिला?

सासू : ठणठणीत आहे. सकाळी दोनदा मागून जेवली. तुम्ही लिहा लवकर, मला लिहिता येत नाही या हातानं.

बाई : सांगा.

सासू : 'पोरी.' नाव घालू नका. तिला पोरी म्हणणारी मी एकटीच. 'पोरी, चिमणीला ताप नाही. ती माझ्या कुशीत निजते. तू आहेस तिथेच राहा. येऊ नकोस.' झालं.

बाई : वाचून दाखवू?

सासू : नको, पाठ आहे. सतरा दिवस एका हातानं भांडी घासताना तिच्याशी हेच बोलतेय.

बाई : चिमणीला तिच्याकडे पोचवता नाही यायचं?

सासू : पत्ता ठाऊक असता तर तुमच्या खिडकीशी आले असते का?

बाई : पण आजी, शेजारीशेजारी छापल्या तर उद्या तेही वाचतील.

सासू : सगळ्यांत आधी तोच वाचेल.

बाई : मग असं करते, त्यांची आठवडाभर मागे ढकलते. सांगते, जागा नव्हती.

सासू : मग तो इथे येऊन तुमच्या अंगावर जाईल. तुम्ही लेकुरवाळ्या. माझं काय, पिकलं पान.

बाई : आणि चिमणी?

सासू : तिच्यावर हात नाही टाकलेला त्यानं अजून.

बाई : अजून?

सासू : हॉर्न वाजला, बाई. 'येऊ नकोस' तेवढं ठळक छापा.