पेल्यावरचं नाव

...आणि वर तो प्रदर्शनातला तज्ज्ञ मला म्हणतो कसा, 'डॅमेज'! तुम्हाला सांगतो, दोनशे वर्षांपूर्वीचा अस्सल विलायती चांदीचा पेला, आमचे गोरे साहेब रिटायर होऊन इंग्लंडला गेले तेव्हा मला आठवण म्हणून दिलेला, आणि त्याला हा डॅमेज म्हणतो. का? तर त्यावर आमच्या बंटीचं नाव आहे म्हणून. त्यांचं नाव तो इतिहास, आमचं नाव ते डॅमेज, हा कुठला न्याय?

आता नाव घातलं कोणी? आमच्या मातोश्रींनी. मीराबाई. नातवाला बघायला गावाहून मस्कतला आल्या, पेला बघितला, 'रमण, चांदीचं भांडं आणि नाव नाही? उद्या मवालेहला कुणाकडे गणपतीच्या जेवणाला गेलं तर परत येईल का?' म्हटलं, 'आई, ते अँटिक आहे.' 'असू दे की, नाव घातलं तर काय झिजतंय?' मी ऑफिसात, आणि ही बाई वादी कबीरला यूनुसभाईंच्या भांड्यांच्या दुकानात. यूनुसभाई आमच्या रत्नागिरीचेच, त्यांनी लावलं ते नाव घालायचं मशीन, टर्रर्र... 'चि. बंटी यास आजीकडून सप्रेम.' खलास.

आणि मी इकडे अख्ख्या ऑफिसला सांगून बसलेलो, की अझैबाच्या हॉटेलात जुन्या चांदीचं प्रदर्शन आहे, त्यात आपला पेला काचेच्या कपाटात असणार, खाली माझ्या नावाची पाटी. आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, तोसुद्धा आला हो बघायला.

लंडनहून आलेला तज्ज्ञ डोळ्याला भिंग लावून पेला फिरवतोय. एका बाजूला वेलबुट्टीत कोरलेली कुणाची तरी जुनी आद्याक्षरं, डब्ल्यू. एच. 'ओ, वंडरफुल, दिस इज हिस्टरी.' पेला फिरवला. 'ओ डिअर... दिस इज डॅमेज.' अहो, तो डब्ल्यू. एच.सुद्धा कुणाच्या तरी आजीनंच बारशाला घालून घेतला असेल ना? पण नाही, त्यांचं नाव तो इतिहास, आमचं नाव ते डॅमेज. कपाटात जागा नाही म्हणाला, तेही अर्बाबसमोर. लाज वाटली हो, सरळ सांगतो.

घरी आलो तो तणतणतच. 'आई, त्यांचं नाव इतिहास आणि आमचं डॅमेज म्हणे!' ती त्याच पेल्यातून बंटीला दूध पाजत होती. मान वर न करता म्हणते, 'त्यांचं जुनं झालंय रे, म्हणून. आपलंही होईल. थांब की दोनशे वर्षं.'

आता हिला काय सांगू... माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे.