ह्यांच्या वाट्याचा काढा

चहाला नाही म्हणू नकोस गं रेम्या, वैद्यरांच्या दवाखान्यातून एवढी आलीस, आणि तो अहवाल पुन्हा एकदा वाच — चांगले जिवाणू वाढले? ह्यांच्या पोटातले, दुपटीने? आणि वैद्यर म्हणाले, कुड्याच्या सालीचा काढा लागू पडला, आता त्रिश्शूरची दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू? भगवंताची कृपा. अशी बघू नकोस, आनंदानंच डोळे भरले — आनंदानंच.

आमच्या ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक नाही. पस्तीस वर्षं पोस्टमास्तर, कुणाचं पाकीट कधी उजेडात धरून पाहिलं नाही, आणि आपलं शौच डबीत भरून तपासायला तुझ्यासारख्या पोरीच्या हाती द्यायचं? छे. काढ्याचा तर वाससुद्धा नको. पहिल्या दिवशी वाटी पुढे केली, तर म्हणाले, “पंकजाक्षी, सोमवार तू धरतेस, तो मला लागतो ना? मग हेही तूच पी.” चेष्टा ती, कळत होतं मला. पण त्यात खोटं काय, सांग. लग्नापासूनचे सोमवार ह्यांच्याच आयुष्यासाठी ना? न्यूमोनियातून ह्यांना त्या सोमवारांनीच तर वाचवलं. देवळात पूजेची पावती फाडतात तेव्हा काय विचारतात — नाव आणि नक्षत्र, एवढंच. समोर कोण उभं आहे ते कुठे बघतात? मग मीही ह्यांचं नाव घेतलं, नक्षत्र घेतलं, डोळे मिटले आणि प्यायले. चाळीस दिवस, एकही चुकवला नाही. कडूजहर गं, पण पोचत होतं ना त्यांना —

डबी? डबीवर नाव त्यांचंच होतं. मीच लिहिलं. आतलं... आतलं माझं होतं.

माझं पोट मात्र छान झालंय हो. जळजळ गेली, दोन घास जास्त जातात. लाज वाटते त्या घासांची. त्यांना पेजही जात नाही, मुंडू कमरेवर ठरत नाही. आठवडाभर शौचावाटे रक्त पडतंय. कुणाला सांगू नकोस, अशी शपथ घातलीय मला त्यांनी, आणि बघ, बोलून बसले. काढ्यात काही खोट नाही, रेम्या, तो खराच आहे. पाजायचं राहिलं, एवढंच. अजून वेळ असेल ना? असेल. देव एवढा कठोर नाही. पण ती तपासणी पुढे ढकलू नका, तेवढं नको —

ऐकलंस? संडासाची कडी. सकाळपासून सहाव्यांदा. राहू दे तो चहा, तू ऊठ. आधी वैद्यरांना गाठ, म्हणावं, हे कागद पंकजाक्षीचे. जा पोरी. मी ह्यांना घेऊन मागोमाग येतेच — जा.