कुत्र्याचा मुजरा

चूक कुत्र्याची नव्हती, माझ्या काकांची होती. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, दरबार संपला, पण काकांच्या अंगातला दरबार काही उतरला नाही. तिथं त्यांचं काम काय, तर पानसुपारीचं तबक धरून उभं राहायचं.

मी कॉलेज सोडून घरी बसलो होतो. इंदूरहून आलेल्या नव्या साहेबांच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी लेखी परीक्षा होती. आधी शब्द टाकावा म्हणून काका मला साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेले.

फाटकाशी साहेबांचा कुत्रा बांधलेला होता. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली, कान मागे पाडले आणि ओठ जरासे वर उचलले.

"बघ, मुजरा करतोय," काका म्हणाले.

"काका, दात दिसतायत त्याचे."

"हसतोय तो. उभी हयात दरबारात गेली माझी, मला शिकवतोस? ठोंब्यासारखा उभा राहू नकोस. हात पुढे कर, मुजरा घे."

चौकीदार ओरडला, "पंडितजी, हाथ मत लगाइए! गुर्रा रहा है!"

तोवर काकांनी माझं मनगट धरून हात पुढे केला होता. कुत्रा हाताला कडकडून चावला.

टांग्यातून दवाखान्यात जाताना काका शांतपणे म्हणाले, "मुजरा अगदी रीतसर होता. तुलाच घेता आला नाही."

हात उजवा होता. परीक्षेत मला पेन धरता आलं नाही, आणि ती नोकरी दुसऱ्याला मिळाली.