एलिशाची उसनी साक्ष

मंडळी, ऐका. साखर उसनी मिळते. विरजण उसनं मिळतं. लग्नातला कोट? तो तर बहुतेकांचा उसनाच! पण मला एक सांगा — पश्चात्ताप उसना मिळतो का? शेजारणीकडं वाटी घेऊन गेलं आणि म्हटलं, “अगं, वाटीभर पश्चात्ताप दे, रविवारी लागतोय” — देईल ती?

हसताय. हसा! या प्रश्नापायी एका गुणी पोराच्या तोंडचं पाणी पळालं, त्याचं हे आख्यान.

प्रवरेकाठची एक वस्ती. नाव सांगत नाही; सांगितलं तर तिथले पंच मला पुन्हा बोलावायचे नाहीत. वस्तीत चर्च, चर्चमागं मिशनची शाळा, आणि शाळेच्या कोठीत चार पोरांचा बँड! नाव काय? ‘यरीहो’. इस्राएल लोक ओरडले आणि यरीहोची भिंत पडली, म्हणून. ही पोरं ओरडायची, आणि कोठीचा गिलावा पडायचा!

यांच्या गाण्याला म्हणतात हार्डकोर. घाबरू नका, भक्तीच आहे! आपण ‘हे प्रभो’ म्हणतो गळ्यातून. हे म्हणतात बेंबीच्या देठापासून — थंडीत डिझेल इंजिन धरत नाही ना, तसं! शब्द कळत नाहीत म्हणता? मग पाळकसाहेबांच्या उपदेशातले सगळे कळतात काय?

तर ओरडणारा होता एलिशा लोखंडे. चोवीस वर्षांचा. दूध संकलन केंद्रावर तपासणीला. दुधात ओंजळभर पाणी असलं तरी पकडायचा! बाप लवकर देवाघरी गेला. आई सरूबाईनं वसतिगृहाच्या भाकऱ्या थापून पोर वाढवलं. एवढं गुणी, की दुसरा कप चहासुद्धा विचारून प्यायचं. पण आत काहीतरी गदगदायचं त्याच्या. ते बोलता यायचं नाही, म्हणून ओरडायचा.

भिंतींना गाद्या टेकवून पोरांनी पहिला अल्बम केला. आठ गाणी. आणि नाव? ‘गटारातून गौरवाकडे’! वस्तीतली सगळी गटारं ग्रामपंचायतीनं कधीच झाकलेली — पण नाव गटारातून!

हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या दिवशी, दुपारी चार वाजता, चर्चच्या पटांगणात पहिला कार्यक्रम ठरला. चार दिवस आधी ढोल वाजवणारा नहेम्या म्हणाला, “एल्या, साक्ष कुठाय?”

“कसली साक्ष?”

“अरे, मोठे बँड बघ! दोन गाण्यांच्या मधे गाणारा सांगतो — मी असा बुडालो होतो, देवानं मला असा काढला. त्याशिवाय अल्बम कोण ऐकणार? तू कशात बुडाला होतास?”

एलिशा विचारात पडला. “सातवीत... कॉपी केली होती.”

“कॉपी! कॉपीवर हार्डकोर होतं का, येड्या?”

मंडळी, काय वेळ आली बघा! देवाच्या पोराला पाप सापडेना! लोक पाप लपवायला धावतात, हा पाप शोधायला वणवण फिरतोय!

फिरत फिरत गेला मामाकडं. शांतवनमामा, सरूबाईचा धाकटा भाऊ. चर्चची बाजाची पेटी हाच दुरुस्त करायचा. एके काळी पट्टीचा पिणारा. पण सुटली दारू, आणि गडी मुका झाल्यासारखा झाला. सगळे साक्ष द्यायला उठायचे, हा भाता पुसत बसायचा.

“मामा, कसे होते ते दिवस? गाण्यासाठी पाहिजे.”

मामानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग बोलला. नालीत पडलेलं बोलला, विकलेली भांडी बोलला. आणि शेवटी — “तुझ्या आईचं मनगट वाकडं आहे ना? विहिरीच्या पायरीवरून पडले, म्हणते ती. पडली नाही रे. मी पिरगाळलं. हे तुझ्यापाशीच ठेव.”

मोडलं मनगट, दोष दिला पायरीला,
झाकला गं भाऊराया, पदराच्या किनारीला...

सणाचा दिवस उगवला! भोपळे आले, कोंबड्या आल्या, उसाच्या मोळ्या आल्या. ‘यरीहो’नं पहिला ठोका दिला, आणि दोन कोंबड्या दोरी तोडून पळाल्या! पोरं आनंदानं एकमेकांना खांद्याच्या धडका देऊ लागली. पंचांना वाटलं मारामारी लागली. ते सोडवायला घुसले, तर पोरांना वाटलं पंचही नाचायला आले!

पाचवं गाणं संपलं. एलिशानं माइक धरला. समोर दोनशे माणसं. “मी दारुडा होतो!” गर्दीतून “अरे देवा!” आलं. “मी नालीत लोळलो! घरची भांडी विकली!” बायकांनी पदर डोळ्यांना लावले, पोरांनी टाळ्या पिटल्या. कोणी सरूबाईच्या पाठीवरून हात फिरवला — “किती गं सोसलंस!” सरूबाई नुसती बघत राहिली. आणि मंडळी, टाळ्यांची नशा दारूपेक्षा वाईट! एलिशाचा पाय घसरला.

“माझ्या आईचं वाकडं मनगट बघा! ते मी — या हातांनी — मोडलं!”

कोंबडीसुद्धा बोलेना.

तेवढ्यात पुढच्या चटईवरून राहेलमावशी उठली. ऐंशी वर्षांची सुईण. “ए एलिशा! तुझ्या बाप्तिस्म्याला सरूचा हात गळ्यात बांधलेला होता. तुला पाळकांपुढं मी धरलं होतं! पाळण्यातून मोडलास काय रे आईचा हात?”

हशा पिकला! नहेम्या ढोलामागं खाली वाकला. पण हशा विरता विरता मावशीच्या कपाळाला आठी पडली. “पण मग... पोराला हे सुचलं कुठून? सरू, तू पायरीवरून पडलीस, का हात मोडला कोणी?”

हसणारी तोंडं मिटली. दोनशे डोकी सरूबाईकडं वळली. एलिशानं मागं पाहिलं. पेटीपाशी मामा, पांढराफटक. दुधातलं पाणी पकडणाऱ्या पोरानं मामाच्या आसवांत आपलं पाणी घातलं होतं! आता खरं सांगावं तर मामा उघडा पडतो, गप्प बसावं तर आई चव्हाट्यावर. माइक हातात, आणि ओरडणाऱ्याला आवाज फुटेना!

मामा पेटीचा आधार घेत उठला. ओठ हलले.

“शांतवन, खाली बस!” सरूबाई उभी राहिली होती. भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा आवाज — माइक लागला नाही. “मावशी, हात माझा आहे. मोडला माझा, दुखला मला, आणि माफही मीच केलं. त्याची साक्ष द्यायची का नाही, ते मी ठरवीन. आणि एल्या, तुला ओरडायचंय ना? ओरड. पण तुझं काय असेल ते ओरड, बाबा.”

एलिशाच्या डोळ्यांतून धार लागली. हळू आवाजात म्हणाला, “मी दारू प्यालो नाही. कुणाला मारलं नाही. टाळ्यांसाठी खोटं बोललो. माझ्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं मी इथं विकलं. हे पाप माझं. आत्ताच केलंय.”

मिळालं मंडळी, मिळालं! चार दिवस शोधून न मिळालेलं पाप, भर मंचावर, ताजं ताजं, स्वतःचं मिळालं!

मग तो ओरडला. ढोल नाही, गिटार नाही. शब्द एकच होता — ‘क्षमा’. आणि त्या दिवशी ऐंशी वर्षांच्या राहेलमावशीलाही तो कळला.

शांतवनमामानं साक्ष दिली का पुढं? मला ठाऊक नाही, आणि विचारायचा मला अधिकार नाही. तुम्हालाही नाही.

आता माझ्यानंतर इथल्या पंचांनी तुमच्या साक्षींची वेळ ठेवली आहे. दर वेळी सात-आठ हात वर असतात. शेजाऱ्याचा कसा उद्धार झाला, सुनेला कशी सुबुद्धी आली, सगळं पाठ! हं — कोण उठतंय?

का हो? सगळे खाली का बघताय?

बसा. घाई नाही. टाळ खाली ठेवतो. ज्याला स्वतःचं सापडेल, त्यानं उठावं. तोवर आपण गप्प बसू. देवाला गप्प बसलेली माणसंही ऐकू येतात.