सुमन अक्कातलं 'अक्का' कुठे गेलं?

कॉम्प्युटरला मानपान कळत नाही, हे मला सुमन अक्काने शिकवलं. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळं घरच तिला अक्का म्हणतं.

माझ्या बहिणीचं लग्न होतं आणि मी नुकतीच पायथन शिकायला लागले होते. हौसेने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालवताना त्याच्या फाइलच्या नावापुढे पाहुण्याचं नाव टाकायचं, की निमंत्रणाचा मेसेज तयार! मी 'सुमन अक्का' टाकलं आणि आलेला मेसेज न वाचताच शिंदखेड्याला अक्काकडे पाठवून दिला.

लगेच अक्काचा फोन आला, अस्सल अहिराणीत.

"नुसतं सुमन? मी काय तुनी मैतरीन शे का व? मी काही येत नही लगनले!"

तिच्याशिवाय हळद कोण लावणार? प्रोग्रामला नेमकं काय मिळतंय ते मी स्क्रीनवर छापून पाहिलं. आधी फाइलचं नाव, मग 'सुमन', मग वेगळंच 'अक्का'! मधल्या जागेमुळे नावाचे दोन तुकडे झाले होते आणि मी पहिलाच उचलला होता. अख्खं नाव अवतरण चिन्हांत टाकलं, तर ते एकत्र आलं.

फोन करून अक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पन सगळास्ना आगोदर ते फाइलनं नाव कसाले?"

"ते प्रोग्रामचं स्वतःचं नाव, कायम पहिलंच असतं, अक्का. आपण टाकलेलं नाव त्याच्या मागून येतं."

अक्का खदखदून हसली. "आपलं नाव पहिले, पाहुनानं मांगून! हाई यंत्र शे का पुढारी?"