गिरीजची लाल-हिरवी चांदणी

नाही हो, घरात कोणी गेलेलं नाही! लग्न नाही, साखरपुडा नाही, काहीच नाही... तुम्ही रेडिओ दुरुस्तीला आलात ना? मग रेडिओचं बोला की! पण नाही, गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी समोर बघतं आणि विचारतं, "नेल्सन, उपवासकाळात खिडकीत चांदणी कशाला रे?" राखेचा बुधवार होऊन गेला, चर्चमधली फुलंसुद्धा काढली, आणि माझ्या खिडकीत नाताळची चांदणी, तीही कधी हिरवी, कधी लाल! मला चार माणसांत नाव विचारलं तरी घाम फुटतो, आणि सगळे मलाच विचारणार... बसा. तुम्हाला सांगतो.

इंटरनेटवर एक प्रोग्राम आहे, मुलांना गणित शिकवणारा. फुकट! कंपनी नाही, मालक नाही, जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून थोडा थोडा लिहितात, आणि आतली सगळी बांधणी कोणालाही बघायला उघडी. ऑस्ट्रेलियातले एक प्रोफेसर त्यात मुख्य, ब्राझीलचा एक दातांचा डॉक्टर, आणि आपल्या गिरीज गावचा... मी. नववीत गणितात आपटून शाळा सोडलेला मी! तिथे कोणी मार्कलिस्ट मागितली नाही हो. मी आपलं भीत भीत लिहिलं, जुना पीसी पडलाय, काही उपयोग? तर प्रोफेसर म्हणाले, "आहे ना! तपासणीची मशीन कर."

ही मशीन म्हणजे काय चीज आहे, सांगू? जगात कुठेही, कोणीही त्या प्रोग्राममध्ये एवढंसं काही बदललं, की माझ्या खोलीतली मशीन आपोआप जागी होते, बदललेलं सगळं उतरवून घेते, अख्खा प्रोग्राम नव्याने जोडते आणि पहिल्यापासून तपासते. पहिल्यापासून म्हणजे... बे एके बे! सगळे पाढे, बेरजा, भागाकार, सगळं. डॉक्टरने नुसता बटणाचा रंग बदलला, तरी बे एके बे! कोणी चित्रातलं बदक थोडं डावीकडे सरकवलं, तरी बे एके बे! कंटाळा नाही, चिडचिड नाही, 'मोठा माणूस आहे, जाऊ दे' नाही. अहो, प्रोफेसरांचं चुकलं तर प्रोफेसरांनाही लाल! पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. आमच्या शाळेत पहिल्या बाकाला वेगळी छडी होती हो!

आता मशीन समोर घरात, मी दिवसभर इथे दुकानात. कळणार कसं? म्हणून माळ्यावरची चांदणी काढली, आत एक लाल बल्ब, एक हिरवा, मशीनच्या मागून तार, मध्ये रिले, म्हणजे बल्ब आपोआप बदलणारं बटण. सगळं बरोबर तर हिरवी, चुकलं तर लाल. दुकानातून दिसावी म्हणून खिडकीत टांगली... आणि तिथेच फसलो! शेजारची एमिली मावशी सकाळ झाली की, "नेल्सा, लाल झाली रे! आज कोण चुकलं?" ब्राझीलवाला, मावशी. "मेल्याने दात काढायचे सोडून पाढ्यांत तोंड कशाला घालावं!" मागच्या वाडीतले सॅन्टनकाका केळीला पाणी सोडलेलं तसंच टाकून येतात, "हिरवी झाली का? नाही? काय रे ही माणसं!"

आणि मी काय करत होतो? गुपचूप आपल्या मुलांसाठी पावकी-निमकी लिहीत होतो. एक पावके पाव, दोन पावके अर्धा... ते मशीनने पास केलं, तर कर्त्यांच्या यादीत माझं नाव लागणार होतं! अहो, माझं नाव वर्गाच्या फळ्यावर बडबड करणाऱ्यांतसुद्धा कधी लागलं नाही. काल संध्याकाळी घरी मशीनसमोर बसून हिंमत केली, बदल पाठवला, वळून बघतो तर खिडकीखाली फादर इग्नेशियस! चर्चमधली क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आटपून थेट इकडे, मागे अर्धी गल्ली.

"नेल्सन, चांदणी?"

मावशी पुढे! "फादर, ही मशीन कुमसार घेते, चुकांची कबुली! पार ब्राझीलच्या लोकांचा!"

"पडद्याआड घेते ना?"

"छे! चुकलं की गल्लीभर लाल!"

"बापरे. आणि प्रायश्चित्त?"

मी कसाबसा म्हटलं, "फादर... नीट करून परत पाठवायचं. ती मारत नाही, ओरडत नाही. कुठे चुकलं ती ओळ तेवढी दाखवते."

फादर काही बोलणार, एवढ्यात... लाल!

"हा ब्राझीलवाला सुधारायचा नाही!" मावशी. "प्रोफेसर असेल," सॅन्टनकाका. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण ती मशीन बघा ना... प्रोफेसरांनाही सोडत नाही, तिच्यासमोर खोटं कसं बोलणार? म्हटलं, "मावशी... मी."

मी ओळ वाचली. पाच पावके, माझं उत्तर सव्वादोन. आणि अख्खी गल्ली एका दमात, "सव्वाऽऽ!" फादर सगळ्यांत मोठ्याने! दुरुस्त केलं, पाठवलं, पुन्हा आपलं बे एके बे, आणि... हिरवी! मावशीने टाळ्या काय वाजवल्या! फादर म्हणाले, "राहू दे रे चांदणी. चुका कबूल करायच्या, सुधारायच्या... उपवासकाळात दुसरं काय करायचं असतं?"

लगेच प्रोफेसरांचं पत्र. "छान काम! यादीत तुझं नाव घातलं. प्रोग्राममध्ये थेट बदल करायची चावीही आजपासून तुझ्याकडे, काही अडलं तर तूच दुरुस्त कर. इथे मध्यरात्र झाली, झोपतो." माझं नाव हो! जगात कोणीही उघडून वाचावं असं माझं नाव! डोळे पुसून वर बघतो तर...

लाल!

माझं नाव घालताना प्रोफेसर उघडलेला कंस बंद करायला विसरले. एवढ्यानेही सगळं अडतं! मावशी ओरडली, "आता कोण चुकलं रे?" काय सांगू? म्हटलं, "कोणी नाही मावशी, माझं नाव लागलं." प्रोफेसर तिकडे घोरायला लागलेले, इकडे फादर खुर्ची मागवून बसलेले, सॅन्टनकाका म्हणतात, "घाई नको, सावकाश कर, आम्ही आहोत..." आता ते आहेत म्हटल्यावर मी कुठे जाणार? बसलो, कंस बंद केला, आणि मशीनच्या आधी अख्खी गल्लीच सुरू झाली... बे एके बे!