तक्ता खालून वाचणारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नेत्र रुग्णालयाचे बडे डॉक्टर, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजची सत्कारमूर्ती, सगळ्या परिचारिका, चष्मेवाले, नोंदणीच्या खिडकीवरच्या माझ्या मुली आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, आपणा सर्वांना नमस्कार.

सत्कारमूर्तीला तुम्ही सगळे भिंगताई म्हणता. पण हिच्याकडे भिंग नव्हतं तेव्हापासून मी हिला ओळखते. कॉन्व्हेंटमध्ये आमचा बाक एक होता. मला फळ्यावरचं दिसायचं नाही आणि ते सांगायची लाज वाटायची. मग ही तोंडासमोर पट्टी धरून एकेक ओळ माझ्या कानात वाचायची. एका दुपारी सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दोघींची धडगत नाही. पण त्यांनी हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘किती मायाळू मुलगी!’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तू उद्या डोळे तपासून ये.’’

न्याय बघा मंडळी. हिला माया, मला चष्मा. त्या दिवशी माझ्या मनात जो हेवा येऊन बसला, तो आज या निरोपालाही माझ्याबरोबर आला आहे.

पुढे नोकरीही एकाच छपराखाली. ही आत चष्म्याचे नंबर काढायची, मी बाहेर खिडकीवर नावं नोंदवायचे. पेशंट माझ्यासमोर उभा राहून विचारायचा, ‘‘त्या भिंगताई आहेत ना आज? नाहीतर उद्या येतो.’’ मी काय तिथे शोभेला बसले होते?

तिची एक पद्धत तुम्हा सर्वांना माहीत आहे. बाकी सगळे तक्ता वरून वाचायला लावतात, ही खालून. ‘‘वरचं मोठं अक्षर तर रस्त्यावरूनही दिसेल, काका. खरा नंबर शेवटच्या ओळीत असतो. तिथून सुरुवात करा.’’

इथवरचा हेवा मी पचवला असता. पण गेल्या वर्षी हिने माझी आई पळवली.

झालं असं, की आईला विणकामाची लोकर हवी होती. तिने फोनवरच्या एका दुकानातून मागवली. पैसे भरून झाले, आणि लगेच एक पिवळंधमक पान उघडलं : वीस टक्के सूट, येथे दाबा. कोण नाही दाबणार? आईनेही दाबलं. तिला वाटलं, दुकानदार भला आहे. प्रत्यक्षात ते पान दुकानाचं नव्हतंच. कुठल्याशा बचत मंडळाचं होतं. सूट होती ती पुढच्या खरेदीवर, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की पहिला महिना फुकट, मग दर महिन्याला कार्डातून वर्गणी. तिच्या खात्यातून पैसे जाऊ लागले, तेही भलत्याच नावाने. आई समजली, विजेचं बिल असेल.

लक्षात आल्यावर तिने फोन केला. कोणाला? पोटच्या मुलीला? छे!

मी संध्याकाळी घरी पोचले, तर बाईसाहेब माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच कपात चहा पीत बसलेल्या. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. पलीकडून त्या बचत मंडळाचा माणूस गळ घालत होता, ‘‘मॅडम, सोडू नका. आणखी तीन महिने फुकट देतो.’’

ही म्हणाली, ‘‘अहो, चुकीच्या नंबरचा चष्मा फुकट मिळाला तरी मी कोणाला घालू देत नाही. सभासदत्व बंद करा आणि बंद केल्याचा मेसेज पाठवा. तोवर मी फोन ठेवत नाही.’’

आई खुदकन हसली. माझ्याबरोबर ती अशी कधी हसली होती, मला आठवेना.

मग हिने बँकेला सांगून त्या नावाने पैसे जाणं थांबवलं, आणि आईला तक्त्यासारखं शिकवलं. ‘‘मावशी, सूट दिसली की बोट मागे घ्यायचं आणि पान खालून वर वाचायचं. पैसे भरल्यावर जे नवं पान उघडतं, ते सरळ बंद करायचं. आपली खरेदी झालेली असते. आणि खात्यात अनोळखी नाव दिसलं, तर रक्कम कितीही लहान असो, विचारायचं.’’

ही गेल्यावर मी आईला विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलंस?’’

आई लोकर गुंडाळत म्हणाली, ‘‘तू आधी रागावतेस, मग ऐकतेस. ती आधी ऐकते.’’



दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत हिने सगळ्यांना आपापली खाती उघडायला लावली. दिवसभर लोकांना शेवटची ओळ वाचायला लावणारे आपण! तिघींच्या खात्यांतून अशाच वर्गण्या जात होत्या. आणि अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून सांगते, बडे डॉक्टर कुत्र्याच्या खाऊची वर्गणी भरत होते. त्यांच्या घरी मांजर आहे.

असो. ती लोकर आईने सगळा हिवाळा विणली. रोज अर्धवट स्वेटर माझ्या पाठीला लावून बघायची. ‘‘सरळ उभी राहा. खांदा बघू.’’ मी मोठ्या कौतुकाने उभी राहायचे. गेल्या आठवड्यात तो पुरा झाला, आणि आईने सांगितलं, ‘‘हा तिला. दोघींचे खांदे अगदी सारखे आहेत.’’

भिंगताई, तू आता मुलाकडे राहायला जाते आहेस, दूरच्या गावी. खरं सांगू? कळलं तेव्हा पहिला विचार आला, आता आई मला फोन करेल. आणि दुसरा, मी कोणाला करू? माझ्या कानात अजून तूच वाचत असतेस गं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मन मोठं करून पोटात घाला.

जाता जाता वाटणी सांगते. तिच्या खोलीतला तक्ता नव्या तपासनीस मुलीला, खालून सुरुवात करण्याच्या अटीवर. फिरतं स्टूल चष्मेवाल्यांना. त्यांचा त्यावर कधीपासून डोळा आहे. खिडकीतलं रोपटं बड्या डॉक्टरांना. पाणी घालायची आठवण परिचारिकांनी करावी. हा निळा स्वेटर हिला. आईच्या गप्पाही हिलाच, रविवारी फोनवर. आईच्या शंका मात्र मला. मी आधी ऐकेन.

आणि उरलेली लोकर मला. आई, माप तुझ्याकडे आहेच.